उपेंद्ररावांच्या काळ्या पट्ट्या

उपेंद्ररावांच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं आणि सर्वांत आधी ते खुद्द उपेंद्ररावांना ठाऊक होतं. घरात कुणाच्या सोयरिकीचं बोलणं निघालं की त्यांना कॉफीची पूड आणायला पिटाळत. तेही कुरकुर न करता जात, कारण पूड दळून होईपर्यंत दुकानदाराला सोयरिकीची बातमी देता येई. "माझ्याजवळ काही बोलू नका हं, मी गळकी बादली आहे," असं ते पाहुण्यांना आधीच बजावत. पाहुणे हसत, बोलत आणि दोन दिवसांनी पस्तावत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर सरकारने काम दिलं ते लोकांची गुपितं झाकण्याचं. वसुमतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ही बातमी ऐकली तेव्हा त्या फोडणी करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि मग मनसोक्त हसल्या. उपेंद्ररावही हसले. सरकारने माणसं नीट पारखली असती तर आपल्याला पहिली नोकरीही मिळाली नसती, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

ते कार्यालय बेंगळुरूतलं कुठलं, हे इथे सांगायचं नाही. झाकण्याचीच गोष्ट आहे, तर सुरुवात आपल्यापासून करावी. घरात छळ सोसलेल्या बायका तिथे अर्ज करत, चौकशी होई, निकाल लागे. निकाल सगळ्यांना पाहता यावेत म्हणून ते वेबसाइटवर टाकायचे, पण टाकण्याआधी त्यातलं ज्याचं त्याचं खासगी झाकायचं. नाव, फोन, आधार क्रमांक, घराचा नंबर, रस्ता, पिनकोड. संगणकाच्या पडद्यावर त्या त्या ठिकाणी काळी पट्टी ओढायची, की खालची अक्षरं कायमची गेली. हे सगळं बघणारी अधिकारी वाणी म्हणून एक तरतरीत मुलगी होती. तिने यादी छापून उपेंद्ररावांच्या पडद्याशेजारी चिकटवली आणि कानडीत म्हणाली, "सर, यादी नुसती आठवणीसाठी. शेवटी पान पहिल्यापासून वाचायचं आणि स्वतःला विचारायचं, एवढ्यावरून मला हे घर सापडेल का?"

"सरी, सरी," म्हणजे ठीक, ठीक, असं उपेंद्रराव म्हणाले. पण सारा जन्म सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाच्या हातात एकदा यादी पडली की तो यादीपलीकडे कशाला बघतो? यादीतली शेवटची खूण झाली की त्यांच्या लेखी पान झालं.

काम मात्र देखणं. फोनचा एक आकडा कधी सुटला नाही. त्यात त्यांनी स्वतःची एक सुधारणाही केली होती. नाव जेवढं लांब तेवढीच पट्टी ओढली तर नावाची लांबी कळते, म्हणून ते प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना थोडी पुढे काढत, धोतराच्या काठासारखी. ही सुधारणा त्यांनी वसुमतीबाईंना सांगितली, शेजारच्यांना सांगितली, कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी पिणाऱ्या अनोळखी माणसांनाही सांगितली. "मी झाकलं की ब्रह्मदेवालाही वाचता येत नाही," असं ते मिशीवरून हात फिरवून म्हणत. गुप्ततेच्या कामाची एवढी जाहिरात बेंगळुरूत दुसऱ्या कुणी केली नसेल.

उपेंद्ररावांचा दुसरा षौक पत्ते सांगण्याचा. तो त्यांना चिकपेटेत, बेंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेत लागला. वडिलांचं तिथे साड्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या घरी गठ्ठे पोचवायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असे. तेव्हाच त्यांना कळलं की ह्या गावात घराच्या नंबराला काही अर्थ नाही. जुना नंबर एक, नवा दुसरा, महापालिकेने मारलेला तिसराच. सहाव्या क्रॉसनंतर, म्हणजे आडव्या गल्लीनंतर, सातवा येईल असं समजून चालणारा माणूस फिरून फिरून घामाघूम होतो. म्हणून वडील गठ्ठ्यावर नंबर लिहीतच नसत. 'शाळेच्या मागे, निळं गेट, कुत्रं चावतं' एवढं लिहीत आणि गठ्ठा बरोबर पोचे. पुढे मल्लेश्वरमात बिऱ्हाड केल्यावर उपेंद्ररावांनी तिथली प्रत्येक खूण पाठ केली. रस्त्यात कुणी कागद हातात धरून बावचळलेला दिसला की त्यांना राहवत नसे. नुसतं सांगून भागत नसे, कोपऱ्यापर्यंत सोबत जात.

आता गंमत बघा. ज्या माणसाने नंबर बघून आयुष्यात एक घर शोधलं नाही, तो सरकारी कागदावरचे नंबर काळजीपूर्वक झाकत होता आणि खुणा तशाच ठेवत होता. खुणा यादीत नव्हत्या. शिवाय खूण म्हणजे काय, बोलण्यातली गोष्ट. ती काय कागदपत्र आहे थोडीच? असं त्यांना वाटत असावं. खरं तर काहीच वाटत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

त्या दिवशी सकाळी वसुमतीबाईंनी त्यांना थालीपिठाची भाजणी दळायला पाठवलं. मारुतीच्या देवळामागे मंजुनाथची गिरणी आहे. देवळाचा देव आणि गिरणीवाल्याचं नाव बदलून सांगितलंय, समजून घ्या. मंजुनाथ म्हणाला, गर्दी आहे, तासाभराने या. उपेंद्रराव डबा ठेवून दर्शिनीत आले आणि कॉफी घेऊन उभे राहिले, तोच घरून फोन.

"होय गे, भाजणी टाकली की! बारीक दळ म्हणून सांगितलंय मंजुनाथला. स्वल्प थांबतो आणि घेऊनच येतो, सरी?"

शेजारी उभा असलेला माणूस वळून हसला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीकसं कुंकू. "काका, तुम्ही मराठी?"

बेंगळुरूत जन्म काढलेल्या मराठी माणसाला परक्याने रस्त्यात मराठीतून हाक मारली की त्याचं काय होतं, हे पुण्यामुंबईच्या लोकांना कळायचं नाही. उपेंद्रराव पार विरघळले. कुठले, काय, कुळदैवत कोण, सगळं विचारून झालं. तो बेळगावकडचा होता. त्याने आग्रहाने कॉफीचे पैसे दिले आणि मग सहज म्हणाला, "इथं कुठं मारुतीच्या देवळामागं पिठाची गिरणी आहे का हो? मारुतीची देवळं दोन-तीन सांगतात लोक. सकाळपासून फिरतोय. लांबची बहीण राहते तिथं, फोन लागेना."

"देवळं तीन आहेत, पण गिरणी एकाच्याच मागे!" उपेंद्रराव खुलले. मग त्यांनी साग्रसंगीत पत्ता सांगितला. मोटारसायकल आहे ना, मग सरळ जाऊ नका, पुढे एकमार्गी आहे, पोलीस उभा असतो. वळसा घाला, पिंपळाचा पार लागेल, तिथून डावीकडे, आणि पिठाचा वास आला की थांबा. हातवाऱ्यांत त्यांची कॉफी सांडली.

"आणि समोरच्या घरात वरचा मजला, होय ना?" असं म्हणत त्या माणसाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून पाहिला.

कागदावर काळ्या पट्ट्या होत्या. दोन्ही टोकांना थोड्या पुढे काढलेल्या.

लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण सांगितलीच पाहिजे. उपेंद्ररावांच्या मनात पहिल्यांदा आलं ते कौतुक. छापल्यावर किती सुबक दिसतात! मग त्यांची नजर दोन पट्ट्यांच्या मधल्या ओळीवर गेली. चौकशी अधिकाऱ्याने भेट देऊन लिहिलेला अहवाल होता तो, निकालासोबत जोडलेला. 'अर्जदार मारुती देवळामागील पिठाच्या गिरणीसमोर वरच्या मजल्यावर मुलीसह राहते व ब्लाउज शिवते.' घराचा नंबर झाकलेला, रस्ता झाकलेला, पिनकोड झाकलेला.

त्यांना प्रकरण आठवलं. त्या बाईला आपण रूपश्री म्हणू. नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. ती पळून आली होती, आणि तिचा पत्ता नवऱ्याला कळू द्यायचा नाही असा निकालात स्पष्ट हुकूम होता. नवऱ्याला मिळालेल्या प्रतीत हा अहवाल जोडलेलाच नव्हता. पण प्रकरणाचा क्रमांक त्याच्याजवळ होता, आणि वेबसाइट सगळ्यांसाठी खुली होती.

उपेंद्ररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, थांबा," ते कसेबसे म्हणाले, "मी चुकलो. ती गिरणी केव्हाच बंद पडली."

"बंद कशी? आत्ताच तर फोनवर म्हणालात, भाजणी टाकलीय म्हणून." तो माणूस गोड हसला, कागदाची घडी केली आणि मोटारसायकलला किक मारली.

आयुष्यभर लोकांना पत्ते सांगितले, पण इतका अचूक कधी सांगितला नव्हता. उपेंद्रराव धावले. साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, पायात रबरी चपला असलेला माणूस धावतो म्हणजे काय करतो ते विचारू नका. एक बरं, त्याला त्यांनीच वळशाचा रस्ता दाखवला होता आणि स्वतः घरांच्या मागच्या अरुंद गल्लीतून निघाले होते. 'अरे शहाण्या,' ते स्वतःला शिव्या घालत होते, 'अरे बडबड्या, कुळदैवतसुद्धा विचारलंस त्याचं!'

गिरणी दणदणत होती. समोरचा जिना ते धापा टाकत चढले आणि दार वाजवलं. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

"कोण?"

काय सांगणार? 'तुमचं नाव झाकणारा माणूस' असं सांगितलं तर ती काय समजेल? "अक्का," ते म्हणाले, "तो येतोय. बेळगावचा. गाडीवर. आत्ता."

तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. "पोरगी शाळेत आहे," ती स्वतःशीच म्हणाली. दार लागलं, आतून कडी पडली, मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला.

उपेंद्ररावांनी जिन्यातूनच पोलिसांना फोन लावला आणि खाली येऊन शेवटच्या पायरीवर फतकल मारून बसले. बाकी काही जमत नसलं तरी वाट अडवण्याइतकं अंग देवाने दिलं होतं.

मोटारसायकल आली. तो उतरला, 'ब्लाउज शिवून मिळतील' ही पाटी वाचली आणि उपेंद्ररावांकडे बघून त्याला हसू आलं. "काका, तुम्ही माझ्याआधी? सरका की."

"नाही सरकत."

"बायको आहे माझी."

आता उपेंद्ररावांच्या जिभेवर सगळं आलं. गिरणीसमोर दहाबारा माणसं डबे घेऊन उभी होती. हा कोण आहे, ह्याने काय केलंय, तिचा हात कसा मोडला, कुठल्या रात्री ती पोरीला घेऊन निघाली, हे मोठ्याने कानडीत सांगितलं असतं तर लोकांनी त्याला तिथेच धरला असता. प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती. पण त्या गल्लीत तिने कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, हेही त्याच कागदात लिहिलेलं होतं. शेजाऱ्यांना ती विधवा म्हणून माहीत होती. उपेंद्ररावांनी जीभ अक्षरशः दातांत धरली. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडली नाही.

"काय झालं, सर?" मंजुनाथने गिरणीतून ओरडून विचारलं.

"काही नाही," उपेंद्रराव म्हणाले. "गाडी इथे लावू नका म्हणून सांगतोय."

त्या माणसाने आजूबाजूला पाहिलं. लोक बघायला लागले होते. मग त्याने मान वर करून गच्चीच्या दोरीकडे पाहिलं. तिथे शाळेचा छोटासा निळा गणवेश वाळत होता. तो त्याने नीट पाहून घेतला. "असू दे," तो शांतपणे म्हणाला. "घर सापडलं, शाळाही कळली. मला काय घाई आहे? थँक्यू, काका." पोलिसांची गाडी आली तोवर तो गेलेला होता.

पोलिसांनी लिहून घेतलं, एक शिपाई शाळेत पाठवला, गाडीचा नंबर विचारला. निम्मं आयुष्य लोकांच्या उचापती करण्यात घालवलेल्या उपेंद्ररावांना तो नंबर बघायचं सुचलं नव्हतं. ते गेल्यावर रूपश्री खाली आली. पंचविशीची, हडकुळी, ब्लाउजला टाचण्या लावलेल्या.

"त्याला कुणी सांगितलं हो?"

वेबसाइट म्हणता आलं असतं. कार्यालय म्हणता आलं असतं, यादी म्हणता आलं असतं. उपेंद्ररावांना ही सगळी उत्तरं सुचली, कारण असली उत्तरं सरकारी माणसाला आपोआप सुचतात.

"मी," ते म्हणाले. "दोनदा. एकदा कागदावर आणि एकदा तोंडाने." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, कॉफीचे पैसे त्याने दिले होते तेही.

ती ऐकत होती. "म्हणजे तुम्ही माझं सगळं वाचलंय?"

"होय."

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिने शिव्या द्याव्यात, एक ठेवून द्यावी, असं उपेंद्ररावांना मनापासून वाटत होतं. तिने तसलं काही केलं नाही. "हे तिसरं घर आहे, काका," ती म्हणाली. "इथली शाळा पोरीला आवडली होती."

उपेंद्ररावांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्वतःची टिंगल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्या क्षणी त्यांना स्वतःवर करायला एकही विनोद सापडेना. गळकी बादली म्हणून हसणं सोपं होतं, कारण आजवर त्या गळक्या बादलीखाली कुणी उभं नव्हतं.

त्यांनी वाणीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि त्याच क्षणी ते पान वेबसाइटवरून काढलं, नंतर उपेंद्ररावांनी झाकलेली सगळीच पानं काढली. "सर, बाकीच्यांतही खुणा राहिल्या असतील?"

"असतील," ते म्हणाले. "असणारच. मला उद्यापासून काढून टाका."

"काढून टाकू? आणि ती पानं कोण वाचणार? उद्या लवकर या. एकेक पान उघडायचं आणि घर सापडतं का ते बघायचं. सापडलं की झाकायचं. तुम्हाला जेवढी घरं सापडतील तेवढी आमच्यात कुणाला सापडायची नाहीत." तिचा आवाज कोरडा होता. ते कौतुक नव्हतं, शिक्षा होती, आणि उपेंद्ररावांना ती कमीच वाटली. मग वाणी म्हणाली, "आता फोन त्यांच्याकडे द्या."

त्यांनी फोन रूपश्रीला दिला. ती फोन घेऊन जिना चढून वर गेली आणि दार लावून बोलली.

दुपारी सामान बांधून झालं. सामान ते केवढं! दोन पेट्या, गादी, भांड्यांचं एक पोतं आणि शिलाईचं मशीन. मशीन मंजुनाथने आणि उपेंद्ररावांनी मिळून खाली आणलं. मंजुनाथने नुसती पाटी काढून फडक्यात गुंडाळून दिली. पोलिसाने शाळेतून आणलेली मुलगी दप्तर मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि मैत्रिणीला सांगितलं नाही, सांगितलं नाही, म्हणून मुसमुसत राहिली. रूपश्री तिच्याशेजारी बसली. उपेंद्रराव रिक्षाला धरून उभे होते. माफी मागून झाली होती, पुन्हा मागावी तर तिला उगाच उत्तर द्यावं लागलं असतं.

रिक्षावाल्याने बाईंकडे नाही, वयस्कर माणूस म्हणून उपेंद्ररावांकडे पाहिलं. "सर, कुठे जायचं?"

उपेंद्ररावांनी रूपश्रीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"मुंदे होगि, अण्णा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. पुढे चला, सांगते.

त्यांना ते लागलं. आणि लगेच कळलं की तिने बरोबर केलं. त्यांनी रिक्षावरचा हात काढला. रस्ता सरळ होता, टोकाला दोन फाटे होते. रिक्षा कुठल्या फाट्याला वळली हे दिसलं असतं तर ते त्यांच्या लक्षात राहिलं असतं. म्हणून ती सुरू झाली तशी उपेंद्ररावांनी तिच्याकडे पाठ केली आणि आवाज पार विरेपर्यंत गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.